मालकांच्या घरातली खिडकी

सतरा वर्षं लोकांच्या घरांना खिडक्या पुरवणाऱ्या मालकांच्या स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी सुतळीने बांधलेली होती. बांधली नसती तर ती पहिल्याच झुळकीला बाहेरच्या कुंड्यांवर जाऊन पडली असती. सुतळी खुद्द मालकांनी बांधली होती, "दोन दिवस चालवून घे, नवीन आणतो" असं म्हणून. त्या दोन दिवसांना आता सहा वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात मालकीणबाईंनी सुतळी तीनदा बदलली. खिडकी बदलायचा योग काही आला नाही.

मालकांचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली नऊ माणसं, ॲल्युमिनियम कापायची दोन यंत्रं आणि ओठात पेन्सिल धरून बोलणारे एक मिस्त्री. खिडकी तयार झाली की मिस्त्री तिच्या चौकटीला खालच्या बाजूने पेन्सिलीने एक बारीकशी फुली मारत. ती मारल्याशिवाय माल बाहेर जात नसे. बाहेर म्हणजे हमरस्त्यावरच्या दुकानात. दुकानदार त्या खिडक्यांवर स्वतःचं लाल वाघाचं स्टिकर चिकटवायचा आणि विकायचा. त्यामुळे गावभर मालकांच्या खिडक्या होत्या, पण त्या मालकांच्या आहेत हे मालक, मिस्त्री आणि दुकानदार सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. आपण बनवलेली खिडकी रोज उघडतो-लावतो असा एकही माणूस मालकांना सतरा वर्षांत भेटला नव्हता, आणि भेटावा असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

मग एके सकाळी दुकानदार म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून मी मोठ्या कारखान्याचा माल ठेवतोय. तुमचा घेईन अधूनमधून, लागला तर."

"लागला तर?" मालक म्हणाले. "सतरा वर्षांनी लागला तर?"

"धंदा आहे, मालक. मनाला लावून घेऊ नका."

मालकांनी मनाला लावून घेतलं. दुकानाच्या तीन पायऱ्या ते ताडताड उतरले आणि रस्त्यावरून ओरडले, "या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही! मी थेट लोकांना विकेन!"

"विका की," दुकानदार दारात उभा राहून हसत म्हणाला. "दोन महिन्यांच्या आत तुमच्या घरचं कुणीतरी माझ्या पायरीवर दिसेल. लिहून ठेवा."

मालकांनी लिहून ठेवलं नाही, पण ते हसू त्यांच्या डोक्यातून काही केल्या जाईना.

घरी लेक होती. तिचं शिक्षण नुकतंच पूर्ण झालं होतं आणि ते कुठे वापरावं या विवंचनेत ती होती. तिने दोन दिवसांत पत्रकं छापून आणली: 'कारखान्यातून थेट तुमच्या घरी'. खाली स्वतःचा फोन नंबर टाकला. तिसऱ्या दिवशी पहिला फोन आला. पलीकडच्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "बसवलेल्या कुठे बघायला मिळतील?"

लेकीने फोनवर हात ठेवून बापाकडे पाहिलं. बापाने छताकडे पाहिलं. बसवलेल्या खिडक्या शेकड्यांनी होत्या, पण सगळ्यांवर वाघ बसलेला होता.

"बाबा," फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, "आपल्याच घरात बसवू या. लोकांना इथे बोलवू."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला आणि मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या.

"म्हणजे सहा वर्षं मी राहण्यासाठी मागत होते तेव्हा वेळ नव्हता. आता दाखवण्यासाठी हव्यात म्हटल्यावर लगेच?"

"तसं नाही गं..."

"कसं का असेना. बसवा. पण माझं एक ऐका. येत्या वीस तारखेच्या पुढच्या वीस तारखेला ताई येतेय, आठ दिवस राहायला. मागच्या वेळी त्या सुतळीकडे बघून 'अजून आहे वाटतं' एवढंच म्हणाली होती. ते माझ्या अजून कानात आहे. ती यायच्या आत घरातल्या साती खिडक्या नव्या आणि जागच्या जागी पाहिजेत."

"शब्द दिला."

"आणि नसल्या तर?"

"नसतील कशा? घरचा कारखाना आहे."

"नसल्या तर ताईला म्हणेन तू येऊ नकोस, मीच येते. तिच्याकडच्या खिडक्या उघडतात तरी. परत कधी यायचं ते मग इथल्या खिडक्या बघून ठरवीन."

त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या, म्हणून मालकांना जास्त भीती वाटली.

मिस्त्रींनी दोन माणसं घेऊन एका दिवसात सात खिडक्या बसवल्या. सरकत्या, बारीक जाळीच्या, रबर लावलेल्या, बोटाने ढकललं तरी लोण्यातून गेल्यासारख्या सरकणाऱ्या. मालकीणबाईंनी प्रत्येक खिडकी चार-चार वेळा उघडली आणि लावली. जुनी सुतळी त्यांनी टाकून मात्र दिली नाही. गुंडाळून खणात ठेवली. संसारात कुठली वस्तू कधी लागेल सांगता येत नाही, असं त्यांचं मत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचा कप घेऊन त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल टाकून अर्धा तास नुसत्या बसल्या. मालकांनी हे दारातून पाहिलं आणि त्यांना फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी बाई मापं घेऊन पडद्यांचं कापड आणायला गेल्या, आणि इकडे अकरा नंबरचे मास्तर आले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मालकांचं घर एका रांगेतलं होतं. रांगेत चोवीस घरं, सगळी एकाच बांधणाऱ्याने एकाच नकाशावर बांधलेली. एका घरातलं दिव्याचं बटण माहीत असलं की चोवीस घरांत हात बरोबर बटणावर जायचा. खिडक्यांची मापंही अर्थात एकच. म्हणूनच तो दुकानदारही रांगेच्या मापाच्या सात खिडक्या, म्हणजे एका घराचा अख्खा संच, आपल्याकडे कायम तयार ठेवायचा.

"मालक," मास्तर धापा टाकत म्हणाले, "आमची स्वयंपाकघरातली खिडकी आज सकाळी आपली आपण खाली आली. आई तिथेच बसते. नव्वदची आहे. सारखा वारा लागतोय तिला."

"नवी करून देतो की. तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे? अहो, नव्वदची आहे म्हटलं ना!" मास्तर आत आले, खिडकी पाहिली, सरकवली. "माप तेच आहे ना?"

"तेच."

"मग हीच द्या. तुम्ही तुमची सावकाश करा. तुमचा तर कारखानाच आहे."

मालकांनी डोळे मिटले. सतरा वर्षांतलं पहिलं थेट गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि पलीकडे दुकानाच्या दारात उभं राहून कुणीतरी हसत होतं. त्यांनी मिस्त्रींना बोलावलं.

"मालक, वहिनींना विचारलंत?" मिस्त्री म्हणाले.

"मालक मी आहे की ती?"

यावर मिस्त्रींनी ओठातली पेन्सिल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली आणि पाना उचलला.

मालकीणबाई पडदे शिवायला टाकून परत आल्या तेव्हा स्वयंपाकघरात प्लास्टिकचा कागद फडफडत होता.

"खिडकी कुठे गेली?"

"विकली," मालक म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता, तो त्यांना लपवता आला नाही.

"घरातली खिडकी विकली?"

"पहिलं गिऱ्हाईक होतं गं. आणि त्यांची आई नव्वदची आहे."

"आणि मी?"

"तू कुठे नव्वदची आहेस?" मालक म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

तीन आठवड्यांत नवी खिडकी आली असती आणि प्रकरण मिटलं असतं. पण मास्तर रोज संध्याकाळी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायला जायचे आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायचे, "मालकांनी स्वतःच्या घरातली काढून दिली हो मला!" ऐकणाऱ्यांनी यातून मास्तरांना वाटलं होतं ते घेतलंच नाही. त्यांनी घेतलं ते भलतंच. माणूस लोकांसाठी कसलाही माल बनवेल, पण स्वतःच्या घरात लावताना निवडूनच लावणार. म्हणजे खरी खिडकी मालकांच्या घरात आहे, कारखान्यात आहे तो नुसता माल.

चार नंबरमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाई कारखान्यात आल्या. मालकांनी तोवर तयार होऊन भिंतीला लावलेल्या वीस खिडक्या त्यांना हौसेने दाखवल्या.

"ह्या नकोत. मास्तरांना दिलीत तसली द्या."

"अहो, तसलीच आहे. तेच ॲल्युमिनियम, तीच काच, तेच रबर. त्याच मिस्त्रींचा हात."

"तसली असेल. पण ती नाही ना?"

"डॉक्टर, शपथेवर सांगतो, तिळाइतका फरक नाही."

"इतकं समजावून सांगताय म्हणजे फरक आहेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी पण धंद्यात आहे, मालक. पेशंटला दाखवायचं एक आणि... ते असू दे. मला तुमच्या घरातली दाखवा."

त्यांनी घरात येऊन झोपायच्या खोलीची आणि पुढच्या खोलीची अशा दोन पसंत केल्या. पुढच्या आठवड्यात सात नंबरवाले, सोळा नंबरवाले आणि मास्तरांचे साडू, जे नशिबाने रांगेतच राहत होते, असे तिघे आले. सगळ्यांना घरातलीच हवी होती. मालकांनी कारखान्यातल्या खिडकीचे कितीही गुण गायले तरी लोक समजूतदारपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "ते खरं, पण घरातली मिळेल का?"

मालक हताश झाले. लेक झाली नाही. ती म्हणाली, "बाबा, त्यांना घरातली हवी ना? मग कारखान्यातली खिडकी आधी घरात बसवायची. एक दिवस ठेवायची. मग काढून द्यायची."

"अगं, पण हे खोटं नाही का?"

"कुठे खोटं? देताना ती घरातलीच असते."

मालक खोटं बोलण्यातले नव्हते. त्यांनी अर्धा तास येरझारा घालून यात खोटं कुठे आहे ते शोधलं आणि ते सापडेना, म्हणून होकार दिला.

त्या दिवसापासून मालकांचं घर म्हणजे कारखान्याचंच शेवटचं टेबल झालं. सकाळी टेम्पोतून खिडक्या यायच्या, बसायच्या, दुसऱ्या दिवशी निघायच्या. कोणती कुणाची हे कळावं म्हणून लेक काचेवर खडूने आकडा टाकायची. मालकीणबाई '१६' असं लिहिलेल्या काचेतून कुंड्या बघत भाजी चिरायच्या. शिवून आलेले पडदे घडी करून कपाटात पडले होते, कारण दांडा लावायला खिडकी जागेवर राहायला तर हवी! आणि गिऱ्हाइकांचा जीव आपल्या खिडकीत अडकलेला. ते केव्हाही यायचे.

"तळताना जरा ही उघडी ठेवत जा हं," सोळा नंबरवाल्या बाई दारातून सांगून गेल्या. "आमच्या काचेवर तेल बसतं."

"तुमच्या काचेवर?" मालकीणबाई म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी रागाने प्रत्येक खिडकीतली खोट काढायला सुरुवात केली. संध्याकाळी मालक टेकले न टेकले तोच त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"खिडकीची कडी कुठे लावायची हे कोण ठरवतं?"

"कडी मधोमध असते."

"ओट्यावरून हात पोचत नाही. रोज स्टुलावर चढायचं का?"

मालकांनी कडीकडे पाहिलं. सतरा वर्षं कडी मधोमध होती, कारण पहिल्या नकाशात ती मधोमध होती.

"आणि जाळी काढायची कशी? आठ स्क्रू आहेत तिला."

"जाळी काढायची कशाला?"

"धुवायला."

"जाळी धुतात?" मालक म्हणाले.

मालकीणबाईंनी पदर खोचला. मग त्यांनी लेकीला वही आणायला सांगितली. कडी एक वीत खाली. जाळी बिनस्क्रूची, बोटाने उचलून काढता येईल अशी. खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने उतार, म्हणजे पाणी आत येणार नाही. मिस्त्रींनी ते वाचलं, पेन्सिल ओठातून काढली, जे ते सहसा काढत नसत, आणि म्हणाले, "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, मालक. आपल्याला कुणी सांगितलंच नाही कधी." आठ दिवसांत खिडकी सुधारली. आता तर घरातून निघालेली खिडकी खरोखरच दुकानातल्या वाघापेक्षा चांगली होती. मास्तर तक्रार घेऊन आले की आमचीच जुनी पद्धतीची का, तेव्हा त्यांनाही नवी कडी लावून दिली.

मागणी वाढत गेली. रांग संपत आली तशी पलीकडच्या वस्तीतली माणसं यायला लागली. त्यांच्या घरांची मापं वेगळी. ती खिडकी मालकांच्या घराच्या भिंतीत बसणं शक्यच नव्हतं.

"हरकत नाही," एक गृहस्थ म्हणाले, "एक दिवस तुमच्या घरात नुसती टेकून तरी ठेवा."

मग पुढच्या खोलीतला सोफा व्हरांड्यात गेला आणि भिंतीला ओळीने खिडक्या टेकल्या. घरात सगळीकडे खिडक्या झाल्या. फक्त भिंतींतल्या भोकांत कुठली केव्हा असेल याचा नेम राहिला नाही.

असं करता करता सतरा तारीख उजाडली. मालकांनी त्या दिवशी सात खिडक्या स्वतः उभं राहून बसवून घेतल्या, काचेवरचे आकडे स्वतःच्या रुमालाने पुसले आणि सगळ्यांना बजावलं, "ह्या आता हलायच्या नाहीत. देव जरी मागायला आला तरी नाही म्हणून सांगायचं!"

अठरा तारखेला देव आला नाही, एकोणीस नंबरच्या पाळणाघरवाल्या बाई आल्या. सोमवारी त्यांचं पाळणाघर सुरू व्हायचं होतं, बावीस मुलांची नावं नोंदवली होती, आणि खिडक्या अशा की मूल खोकलं तरी निखळतील.

"साती द्या," त्या म्हणाल्या.

"बाई, या विकायच्या नाहीत. मी घरात शब्द दिलाय. तीन आठवडे थांबा."

"सोमवारी मुलं येणार आहेत हो!"

"माझा अगदी नाइलाज आहे," मालक निर्धाराने म्हणाले. इतक्या निर्धाराने ते जन्मात कधी नाही म्हणाले नव्हते.

"बरं," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "मग त्या वाघवाल्याकडे जाते. त्याच्याकडे तयार असतात म्हणे."

निर्धार होता तो तिथल्या तिथे दुसऱ्या बाजूला वळला. "थांबा," मालक म्हणाले. "मिस्त्री!"

दुपारी चार वाजता घराला सात भोकं होती. मालकांचा हिशेब साधा होता. कारखान्यात चौकटी तयार आहेत, एका दिवसात बसतील. मग मिस्त्रींनी आठवण करून दिली की चौकटी आहेत पण काच नाही, आणि काचेची गाडी बावीसला येणार.

मालकांनी बायकोला सांगायची वाक्यं तीन वेळा मनात घोळवली. चौथ्यांदा घोळवताना त्या समोरच उभ्या होत्या.

"पाळणाघर आहे गं," ते म्हणाले. "बावीस मुलं आहेत."

मालकीणबाईंनी एकेका खोलीत जाऊन सातही भोकं पाहिली. ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाट उघडलं, पडद्यांवर एकदा हात फिरवला, पिशवी घेतली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"येते," त्या म्हणाल्या.

"येते" याचा अर्थ बायको परत येणार असाही होतो, हे त्या वेळी मालकांच्या डोक्यात शिरलं नाही. त्यांना वाटलं, संपलं. निघाली बहिणीकडे. ते खुर्चीत बसले. भिंतीतल्या भोकातून वारा येऊन टेबलावरची पत्रकं उडवत होता, 'कारखान्यातून थेट तुमच्या घरी', 'कारखान्यातून थेट तुमच्या घरी'. सगळ्या गावाला खिडक्या दिल्या आणि हिला एक देता आली नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं. मग ते ताडकन उठले. ती परत येईल तेव्हा तिला सात खिडक्या दिसल्याच पाहिजेत, मग जगातली काच संपलेली का असेना.

त्यांनी टेम्पो काढला. पहिल्या काचवाल्याकडे काच होती पण माणूस रजेवर. दुसऱ्याकडे माणूस होता, काच रंगीत. तिसऱ्याकडे मत्स्यालयाची जाड काच होती, ती घ्यायलाही मालक तयार झाले. चौथ्याने दिली, पण कापायला दोन तास लावले, कारण तो प्रत्येक काचेआधी चहा प्यायचा. दिवस कलता कलता मालक चौदा काचा चादरीत गुंडाळून घरी निघाले आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांनी देवाचं नाव घेत हळूहळू पार केला.

फाटकाशी टेम्पो थांबला. मालक उतरले आणि तिथेच उभे राहिले.

घराला सात खिडक्या होत्या. खिडक्यांना पडदे होते. दारात मिस्त्री हात पुसत उभे होते.

"मिस्त्री, हे..."

"वहिनींनी बोलावलं," मिस्त्री म्हणाले. "त्या मालकीण आहेत."

मालक धावत आत गेले. सातही काचांच्या कोपऱ्यांत लाल वाघ बसले होते.

"तू," मालक म्हणाले. "तू त्याच्या पायरीवर गेलीस?"

"तुम्ही म्हणाला होतात चढणार नाही. मी कुठे म्हटलं होतं?" मालकीणबाई पडद्याची चुणी सारखी करत म्हणाल्या. "त्याच्याकडे रांगेच्या मापाचा संच पडून होता. रांग सगळी तुमच्याकडून घेते, त्याच्याकडून घेणार कोण? आनंदाने दिल्या. दोन तासांत पोचवल्या पण. तीन आठवडे नाही सांगितले."

"काही म्हणाला?"

"म्हणाला, मालकांना सांगा, दोन महिने म्हटले होते, पावणेदोनच झाले."

मालकांनी खाली बसून चौकटीच्या खालच्या अंगाला बोटं फिरवली, मग मान वाकडी करून पाहिलं. तिथे पेन्सिलीची बारीकशी फुली होती.

"अगं, ही आपलीच आहे! आपल्याच कारखान्यातली!"

"माहीत आहे. कडी बघा ना, मधोमध आहे. पुन्हा आलं नशिबी स्टूल."

"निदान हा वाघ तरी काढू या," मालक नखाने कोपरा उचकटत म्हणाले.

"हात लावू नका त्याला!" मालकीणबाई गरजल्या. दोन दिवसांचा सगळा आवाज त्या एका वाक्यात बाहेर आला. "तो आहे म्हणून तर कुणी मागणार नाही."

वीस तारखेला सकाळी पलीकडच्या वस्तीतलं एक जोडपं खिडक्या बघायला आलं. लेकीने त्यांना आठ दिवसांपूर्वीच बोलावलं होतं, आता थांबवायचं कसं! नवऱ्याने खिडकी पाहिली, मग वाघ पाहिला, मग मालकांकडे पाहिलं.

"मालक, तुमच्या स्वतःच्या घरात दुकानाच्या खिडक्या?"

पावणेदोन महिन्यांची सगळी मेहनत त्या एका प्रश्नावर येऊन टेकली होती. मालकांनी तोंड उघडलं, पण स्वयंपाकघरातून आवाज आला.

"काय करणार?" मालकीणबाई म्हणाल्या. "कारखान्यातल्या आमच्यापुरत्याही उरत नाहीत."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी अकरा खिडक्या सांगितल्या. घरात टेकवून ठेवा असंही म्हणाले नाहीत. तीन आठवडे लागतील म्हटल्यावर बायको घाबरून म्हणाली, "तीन आठवड्यांत नक्की मिळतील ना?" लेकीने वहीत लिहून घेतलं आणि ते गेल्यावर ती आईकडे जराशा आदराने बघायला लागली.

दुपारी ताई आल्या. त्यांनी बॅग ठेवली, पाणी प्यायल्या आणि नेहमीप्रमाणे आधी स्वयंपाकघरात गेल्या. नवी खिडकी त्यांनी सरकवून पाहिली, जाळीवर टिचकी मारली, पडद्याचा पोत चिमटीत धरून बघितला. बोलायला काही मिळेना. मग त्यांची नजर खाली गेली. खिडकीच्या चौकटीपासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत तीच जुनी सुतळी बांधलेली होती, चांगली तीन वेढ्यांची.

"काय गं," ताई म्हणाल्या, "अजून सुतळी आहेच का?"

"आधी पडू नये म्हणून होती," मालकीणबाई म्हणाल्या. "आता विकली जाऊ नये म्हणून आहे."

ताईंना काही कळलं नाही. त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या, ती दोनदा सरकवली आणि म्हणाल्या, "छान आहे पण. आमच्याकडे बहुतेक याच मापाची बसेल."

मालक दारातच उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी सुतळीची गाठ जरा घट्ट केली.